हजेरीतलं नाव

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी काय करणार होते म्हणा. बडोद्याच्या मराठा घरात तेव्हा मुलीला विचारायचे ते लग्न ठरल्यावर, आणि तेही शालूचा रंग.

ह्यांचं नाव मी इथे घेणार नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, उंबरठ्यावर नणंदांनी अडवलं तेव्हा घेतलं, त्यानंतर नाही. कुणी बंदी घातली म्हणून नव्हे, जिभेला ते वळणच नाही. दवाखान्यात नाव विचारलं की मी सरळ आधार कार्ड पुढे करते. आमचं घराणं गायकवाडी फौजेतलं. फौज गेली, घोडे गेले, मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. राहिलं काय, तर पाळण्यातल्या पोरालाही अहो-जाहो करणं आणि नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव न घेणं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ. घरात ह्यांना सगळे आबासाहेब म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

हे खताच्या कारखान्यात फायरमन होते. आग लागो न लागो, कान कायम भोंग्याकडे. जेवताना अर्धं लक्ष दाराकडे, झोपताना बूट पलंगाखाली तोंड बाहेर करून. निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, आता माणूस टेकेल. कुठलं टेकतंय. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी, अशा फेऱ्या सुरू झाल्या. नळ घट्ट करायचे, बिजागऱ्यांना तेल घालायचं, कुकरची शिट्टी झाली की धावत येऊन गॅस बंद करायचा. आमच्याकडे महिनाभर डाळ कच्ची होती. लग्नाला जायचं तर मांडववाल्यांच्या आधी आम्ही हजर. एकदा वैतागून मी म्हटलं, "अहो, बसा की घटकाभर." तर म्हणाले, "बसायला काही कारण पाहिजे ना."

ते कारण त्यांनी स्वतःच शोधून काढलं. जूनमधल्या एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन, अर्थात उभ्या उभ्याच, म्हणाले, "मी कॉलेजात नाव घातलंय. बी.ए., समाजशास्त्र. सोमवारपासून वर्ग आहेत."

आमचे चिरंजीव समरजित मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाले, "आबासाहेब, घरी बसून करायचे कोर्स असतात ना हल्ली."

"घरीच बसायचं तर कॉलेज कशाला?"

मला कारण ठाऊक होतं. अठराव्या वर्षी हे एफ.वाय.ला बसले होते. दिवाळीनंतर मामंजी अचानक गेले आणि कारखान्यानं त्यांच्या जागी ह्यांना आत घेतलं. कॉलेजचा तो बाक मात्र ह्यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. कॉलेजवरून स्कूटर नेताना वेग कमी व्हायचा, मी मागे बसून बघत आले आहे.

भक्ती, आमच्या सूनबाई, ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. "कुठल्या कॉलेजात, आबासाहेब?"

"तुमच्याच. दुसरीकडे वय विचारतात."

आता बघा. भक्ती त्याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात. डॉक्टरेट केलेली बाई, पण नोकरी हंगामी. दर उन्हाळ्यात कॉलेजनं पुन्हा बोलावलं तर पुढचं वर्ष, नाही तर घर आहेच. "विषय तरी दुसरा घ्यायचा," समरजित म्हणाले. ह्यांचं उत्तर तयार होतं. बाकीच्या विषयांत कुठे ना कुठे गणित आडवं येतं.

शेवटी तह झाला. भक्ती तिसऱ्या वर्षाला शिकवतात, हे पहिल्या वर्षात बसतील. त्या स्कूटीनं जातील, हे रिक्षानं. कॉलेजच्या फाटकात शिरलं की कुणी कुणाला ओळखायचं नाही. एका घरातून निघून एका जागी जाणारी दोन माणसं अनोळखी व्हायची होती. मला हसू आवरेना, पण त्या दोघांचे चेहरे अगदी गंभीर होते.

हे हुशार विद्यार्थी निघाले, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही निघाले. पहिल्या चाचणीत अर्धा पेपर लिहून उठून आले, कारण काय तर पाय अवघडले. पण माणूस खूश होता. रावपुऱ्यातून खांद्याला अडकवायची पिशवी आणली. वर्गातली, जुन्या शहरातल्या घडियाळी पोळातली शिवांगी म्हणून एक मुलगी, घरी मराठी आणि बाहेर गुजराती, तिनं ह्यांना आपल्या टोळीत घेतलं. ती टोळी ह्यांना सेव-उसळ खायला न्यायची. घरी येऊन पित्तानं तळमळायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी टेबलाशी पुस्तक घेऊन बसायला लागले. खरोखर बसायला. मी येता-जाता मुद्दाम बघून घेत असे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांचा वर्ग भक्तीच्या गळ्यात आला.

"नाही म्हणायचं होतं," मी म्हटलं.

"हंगामी माणसाला नाही म्हणता येत नाही, आईसाहेब."

पहिल्या दिवशी काय झालं ते मला शिवांगीनं नंतर सांगितलं, त्या दोघांनी नाही. हे नेहमीप्रमाणे लवकर पोचले होते, पण आत जाऊ की नको करत कॉलेजभोवती चकरा मारत बसले. शेवटी आत शिरले तेव्हा भक्ती फळ्यावर लिहीत होत्या. पावलांचा आवाज ओळखीचा. भक्ती वळल्या, आणि त्यांचा हात आपोआप खांद्यावरच्या ओढणीकडे गेला. भर वर्गात ओढणी डोक्यावर घेतली आणि मान खाली घालून बाजूला सरकून सासऱ्यांना वाट दिली. घरी रोज करतात तेच. हातात खडू होता एवढाच फरक.

वर्ग आधी चूप झाला, मग हसला. दुसऱ्या दिवसापासून भक्तीचं नाव पडलं 'वहुमेडम'. गुजरातीत वहु म्हणजे सून.

त्याहून वाईट हजेरी. बाकीचे प्राध्यापक नंबरानं हजेरी घेतात, भक्ती पुऱ्या नावानं घेतात, इकडच्या पद्धतीनं आडनाव, नाव, वडिलांचं नाव. स्वतः शिकत असताना कुणा शिक्षकाला आपलं नाव ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या मनाला लागलेलं आहे. आता ह्यांचं नाव आलं की त्या थांबायच्या, वर न बघता वहीत खूण करायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. तिसऱ्याच दिवशी मागून कुणीतरी ओरडलं, "मेडम, काकानुं नाम रही गयुं!" पुन्हा हशा. मग तो रोजचाच खेळ झाला.

"तेवढ्या वर्गाला नंबर घ्या ना," मी सुचवलं.

"म्हणजे कशासाठी घेतले ते सगळ्यांना कळेलच," भक्ती म्हणाल्या. "आईसाहेब, नाव ओठापर्यंत येतं हो. पुढे कुलूप." बोलताना त्यांनी धुतलेली कपबशी पुन्हा धुतली.

ह्यांनीही उपाय करून पाहिले. भक्तीच्या आधी वर्गात जाऊन बसायला लागले, म्हणजे समोरून आत जायला नको. पुढचा बाक सोडून शेवटच्या बाकावर गेले, खांबाआड. आवाज नको म्हणून खोकला आला तरी रुमाल कोंबायचे. जिथे आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस स्वस्थ बसला होता, तिथेही त्याचे पाय हलायला लागले. घरी तर विचारूच नका. पहाटेपासून गॅलरीत फेऱ्या, टेबलावरचं पुस्तक त्याच पानावर उघडं. ताटावरून मध्येच उठायचे. भक्ती दार उघडायला गेल्या की हे आत, हे बाहेर आले की भक्ती आत. मी मध्ये. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तर सांगायचं कुणाला?

आणि मग तो धडा आला. मला वाटतं, पुस्तक लिहिणाऱ्यांनी आमच्यावर डूख धरूनच तो घातला असावा. नातेसंबंधातल्या चालीरीती. काही समाजांत काही नातेवाईक एकमेकांना टाळतात, सून सासऱ्यांसमोर डोकं झाकते, त्यांचं नाव उच्चारत नाही, वगैरे. भक्तीनी मान खाली घालून भराभर वाचून काढलं. मागून एक पोरगा उठला आणि अगदी साळसूदपणे उदाहरण मागत म्हणाला, "मेडम, उदाहरण आपो ने."

सगळा वर्ग वळून खांबाआड बघायला लागला. बाकं बडवली गेली म्हणे. भक्तीनी पुस्तक मिटलं आणि तास संपायच्या आत बाहेर निघून गेल्या.

दुपारी विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाले, घर घरी ठेवा, वर्ग ताब्यात येत नसेल तर मला दुसऱ्याला द्यावा लागेल, आणि मग पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं तेही बघावं लागेल. भक्तीनी मला सांगितलं तेव्हा हे गॅलरीत होते. ऐकत असणार. भोंगा ऐकणारे कान ते.

जेवायला बसल्यावर ह्यांनी घास मोडला नाही. म्हणाले, "उद्या लायब्ररीची पुस्तकं परत करतो आणि नाव काढून घेतो. झालं तेवढं पुष्कळ झालं."

भक्ती वाढत होत्या. त्यांनी 'नको' म्हणावं म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या आमटी वाढून आत गेल्या.

मला दोघांचाही असा राग आला म्हणून सांगू! ह्यांचा यासाठी की एवढ्या वर्षांनी हौसेनं गेलात आणि चार पोरं हसली म्हणून परत येता? आगीत शिरणारा माणूस ना तुम्ही? आणि भक्तीचा यासाठी की एक नाव, तोंडातून काढायचं एक नाव, त्यासाठी ह्यांचा बाक जातोय. पण हे बोलणार कोण? ज्या बाईनं ते नाव उखाण्यानंतर घेतलं नाही ती? मी ताटं जरा आपटून घासली.

भक्ती गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. एकेक चिमटा काढताना ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतायत.

दुसऱ्या दिवशी हे पुस्तकांची पिशवी घेऊन नेहमीपेक्षाही लवकर निघाले आणि चष्मा टेबलावर विसरले. चष्म्याशिवाय ह्यांना स्वतःची सहीसुद्धा दिसत नाही, अर्जावर काय करतील? मी साडी बदलली, रिक्षा केली आणि कॉलेजात पोचले. शिपायाला वर्ग विचारला. त्यानं कुणाचं काम आहे म्हणून विचारलं, मी म्हटलं, "ते म्हातारे काका." तो लगेच समजला.

वर्गाचं दार उघडं होतं. मी भिंतीला धरून बाहेरच उभी राहिले. हे शेवटच्या बाकावर, पिशवी मांडीवर, गाडीची वाट बघणाऱ्या उतारूसारखे. ह्यांना वर्ग शेवटचा बघून जायचं असेल, किंवा तास संपल्यावर भक्तीला सांगायचं असेल. भक्ती टेबलाशी उभ्या होत्या, ओढणी खांद्यावर पिनेनं घट्ट लावलेली. पिन मी घरी कधी पाहिली नव्हती.

"मकवाणा हार्दिक रमेशभाई."

"येस मेडम."

"मिस्त्री खुशबू जयंतीभाई."

"येस मेडम."

मग त्या थांबल्या. वर्गातली कुजबुजही थांबली, कारण इथे काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं. कुणीतरी आधीच हसायला लागलं. भक्तीनी मान वर केली आणि सरळ शेवटच्या बाकाकडे बघितलं. आता मला लिहावंच लागेल, कारण त्या म्हणाल्या ते न लिहिता पुढे जाता येणार नाही.

"मोहिते उदयसिंहराव दत्ताजीराव."

सासरे आणि आजेसासरे एका दमात. माझाच हात पदराकडे गेला. दोरीवरचे कपडे काढताना कसला जप चालला होता, ते मला तेव्हा कळलं.

उत्तर आलं नाही.

"मोहिते उदयसिंहराव दत्ताजीराव."

या खेपेला आवाज चढला होता. माझ्या सासूबाई, कमळाबाई, ह्यांना अशीच नावानं हाक मारायच्या, तोच ताठा. हे नुसते बघत होते. तोंड जरासं उघडं, पिशवीवर दोन्ही हात. शिवांगी पुढच्या बाकावरून वळून कुजबुजली, "काका, बोलो ने!" तरी नाही. पाय हलत नव्हते, हात हलत नव्हते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतकं स्थिर कधी बघितलं नव्हतं.

"अ‍ॅबसेंट," भक्ती म्हणाल्या, तशी खूण केली आणि पुढे गेल्या. "राणा ध्रुव महेशभाई."

"येस मेडम." त्या पोराचा आवाज एवढासा झाला होता. कुणी हसलं नाही. ज्या बाई सासऱ्यांची गैरहजेरी लावतात त्या आपलं काय करतील, हे त्यांनी ओळखलं असणार.

हजेरी संपल्यावर भक्तीला दारात मी दिसले. एक क्षण, फक्त एक क्षण, डोळे मिटल्यासारखे झाले. मग त्या म्हणाल्या, "बेन, कोनुं काम छे?"

बेन! माझ्या सूनबाई मला बेन म्हणाल्या, आणि कुणाकडे काम आहे म्हणून विचारत होत्या. नाव सांगायची पाळी माझी होती. मी चष्मा वर धरला. शिवांगी उठून घेऊन गेली.

तास संपेपर्यंत मी बाहेरच्या पायरीवर बसून होते. मग हे आले. पिशवी तशीच भरलेली.

"पुस्तकं?"

"द्यायची राहिली."

रिक्षात बसलो. अलकापुरीच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या बोगद्यात, रिक्षा अडकली, मागेपुढे हॉर्नचा गदारोळ, आणि हा माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला. एरवी खाली उतरून वाहतूक मोकळी करायला गेले असते.

"बोलला का नाहीत?" मी विचारलं. "दोनदा हाक मारली त्यांनी."

रिक्षा जराशी पुढे सरकली. मग म्हणाले, "आई गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती हो. कारखान्यात मोहिते, घरी आबासाहेब, बाहेर सगळीकडे काका. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत. असेल कुणी तरुण मुलगा."

नाव न घेणं म्हणजे मान देणं, असंच मी समजत आले होते. त्या मानाखाली एक माणूस हाकेवाचून राहिला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला, तोही रिक्षावाल्याच्या आरशात दिसेल म्हणून लगेच काढून घेतला.

संध्याकाळी भक्तीनी ताटं घेतली, डोक्यावर ओढणी, नेहमीसारखी. हे पाटावर बसत म्हणाले, "आज आमची गैरहजेरी लागली."

भक्तीनी भाकरी वाढली. "आवाज आला नाही, आबासाहेब."

"उद्या येईल."

"येऊ द्या. सारख्या गैरहजेऱ्या झाल्या तर परीक्षेला बसू देत नाहीत." एवढं बोलून त्या आत पळाल्या, आणि आत समरजितना काय झालं ते सांगताना हसत होत्या की रडत होत्या, ते मला नीट कळलं नाही. विभागप्रमुख पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, तेही अजून कुणाला ठाऊक नाही. उन्हाळा यायचा आहे.

सकाळी गॅलरीत पुन्हा फेऱ्या सुरू. मी पोह्यांची फोडणी टाकत होते. या टोकाला "येस मॅडम", त्या टोकाला "येस मॅडम", कधी हळू, कधी घोगरं. समरजित आणि भक्ती एव्हाना बाहेर पडले होते. शेवटी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"ऐन वेळी पुन्हा आवाज फुटला नाही तर? तुम्ही एकदा हाक मारून बघा. सरावाला."

"काहीतरीच काय! जा, उशीर होईल."

"एकदाच."

"मोहरी करपतेय."

ते गेले. गॅलरीतल्या फेऱ्या थांबल्या, म्हणजे उभे असणार, कान देऊन. मी गॅस बारीक केला. खिडकीकडे तोंड केलं, पदर सारखा केला, आणि उखाण्याशिवाय, यमकाशिवाय, नुसतं म्हटलं, "उदयसिंहराव."

"येस मॅडम!" इतक्या मोठ्यांदा आलं की शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार उघडून घाबरून विचारलं, "शुं थयुं, बेन?"